हॉटस्पॉटवरची संयोगिता

"हॉटस्पॉट देता का? पाचच मिनिटं—"

नीरा म्हणाली आणि स्वतःच चपापली. अनोळखी माणसाकडे तिने आजवर साधं पेनसुद्धा मागितलं नव्हतं. पण वाघोडियाला जाणारी कंपनीची बस शहराबाहेर पडली की तिच्या फोनची रेंज जायची, आणि साहेबांना फाइल आत्ताच हवी होती. नोकरीचा दुसराच दिवस! मांडीवरचा लॅपटॉपही आधीच्या मुलीने वापरलेला, ऑफिसने तसाच हातात दिलेला.

शेजारच्या तरुणाने लगेच फोन काढला. "घ्या ना. पासवर्ड लीलोचेवडो."

"मराठी माणूस, आणि पासवर्ड गुजराती?"

"बडोद्याचा आहे हो. आमच्याकडे चिवडासुद्धा लीलो, म्हणजे हिरवाच लागतो."

त्याचं नाव उन्मेष. राहायला दांडिया बाजारात, कंपनीच्या प्लँटवर इंजिनीयर. फाइल गेली, पण ती पाच मिनिटं काही संपली नाहीत. तो रोज तिच्यासाठी खिडकीची जागा धरू लागला आणि तिचा फोनही त्याच्याच हॉटस्पॉटवर चालू लागला. "अगं, सिमकार्ड बदल ना," आई म्हणायची. नीरा म्हणायची, "बदलते गं..." 'अहो'चं 'अरे' झालं. खरं बोलायचं ते मात्र दोघांचंही राहून गेलं.

एका सोमवारी ती पाणीगेटला बसमध्ये चढली, तेव्हा उन्मेष फोनकडे बघून गालातल्या गालात हसत होता. शेजारी बसून तिने आपला फोन जोडला आणि सहज त्याच्या फोनकडे पाहिलं. हॉटस्पॉटला दोन जोडलेले. एक 'नीरा'. आणि दुसरी... 'संयोगिता'!

नीराच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण ही? पुढची लांब वेणीवाली? की मागे सारखी खिदळणारी? विचारावं, तर विचारायचा हक्क तरी काय होता तिला? तेच जास्त झोंबत होतं. दुसऱ्या दिवशी तेच हसू, आणि पुन्हा तीच संयोगिता! त्या संध्याकाळी नीराने चांगल्या रेंजचं नवं कार्ड घेतलं आणि सकाळी तरातरा मागच्या सीटवर जाऊन बसली.

"बेन, तमारी जग्या तो आगळ छे ने!" तिची जागा पुढे आहे, याची आठवण करून देत ड्रायव्हर गजेंद्रभाई आरशातून ओरडले. उन्मेष उठून मागेच आला.

"काय झालं? रागावलीस?"

"मी कशाला रागावू? मला आता रेंज आहे. तुझं नेट त्या संयोगितालाच दे. सगळं."

"कोणाला?"

"भोळेपणाचा आव आणू नकोस. मी चढायच्या आधी जिच्यासाठी एकटाच हसत असतोस ना, तिला!"

उन्मेष असा हसत सुटला की वेणीवालीनेही वळून पाहिलं.

"नीरा, गेल्या आठवड्यात तू रजेवर होतीस, तेव्हा संयोगितापण आली नव्हती."

"म्हणजे तिच्या हजेरीवरही लक्ष असतं तुझं!"

"लॅपटॉप काढ."

तिने धुसफुसत काढला. त्याने दोन ठिकाणी बोट फिरवून स्क्रीन तिच्यासमोर धरला. लॅपटॉपचं नाव 'संयोगिता'. आधीच्या मुलीने ठेवलेलं, आजवर कोणी बदललंच नव्हतं. नीरा तो कधी बंद करायची नाही, नुसतं झाकण मिटायची, आणि तो बॅगेतूनच उन्मेषचा हॉटस्पॉट पकडायचा.

नीराचे कान लाल झाले. दोन दिवस ती आपल्याच बॅगेवर जळत होती!

"बस पाणीगेटला वळली की माझ्या फोनवर ते नाव येतं," उन्मेष हळूच म्हणाला. "मग कळतं, तू थांब्यावर आलीस... म्हणून हसू येतं. आवडतेस तू मला, नीरा. केव्हापासून सांगायचं होतं." मग तो तिच्या फोनकडे बघत म्हणाला, "पण आता तुला रेंज आहे. माझी काय गरज..."

बस शहराबाहेर पडली होती. नवं कार्ड झकास चाललं होतं. नीराने शांतपणे त्या कार्डाचं नेट बंद केलं.

"हॉटस्पॉट देतोस?"

"पाचच मिनिटं?"

"ते नंतर बघू. आधी त्या बयेचं नाव पुसून तिथे माझं घाल," नीरा खिडकीकडे सरकत, त्याला जागा करून देत म्हणाली. "तुझ्या फोनवर दुसरी कोणी दिसलेली मला मुळीच चालायची नाही."