न काढलेला चौकोन

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. पटलं तर पटलं, नाहीतर सोडून द्या.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मे महिन्याची भर दुपार, प्रताप नगरमधलं आमचं ऑफिस. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढते. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या बांधकामावर माझे मिस्टर, संघपाल, सुपरवायझर आहेत. तिथलाच रामाजी मिस्त्री मागच्या महिन्यात लिफ्टच्या खड्ड्यात पडून वारला.

नकाशात तो खड्डा मी पिवळ्या रेषेने दाखवला होता. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये पिवळं उमटलंच नाही. खड्ड्यावर पातळ प्लाय टाकलेला. प्रिंट बघून रामाजीला तिथे यांनीच पाठवलं.

तेव्हापासून मी प्रत्येक रेष काळी करते, जाड करते, प्रीव्ह्यू दोनदा बघते. बाकी मला काही वाटेनासंच झालं आहे.

त्या दुपारी त्याच हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्याचा नकाशा प्रिंटला टाकला.

प्रिंटर थांबला... पुन्हा सुरू झाला...

कागदावर एक काळाकुट्ट चौकोन होता. वॉर्डाच्या मधोमध, खड्डा दाखवतात तसा.

मी तो काढलाच नव्हता. फाइलमध्ये नव्हता. प्रीव्ह्यूमध्येही नव्हता.

यांना फोन लावला.

"अहो, वॉर्डात मधोमध खड्डा आहे का?"

"काहून वं? इथं तं सपाट स्लॅब आहे. मी त्याच्यावरच उभा आहो."

"तिथून सरका नं. मले बरं नाही वाटून राहिलं."

हे हसले. तेवढ्यात मागून आवाज आला...

"साहेब, जिन्याकडे या."

तो आवाज मी ओळखते. रामाजी आमच्या घरी कितीदा तरी जेवला होता.

"येतो गा," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी हे धडधाकट घरी आले.

"जिन्याकडे कोणी बोलावलं तुम्हाले? तुम्ही तं 'येतो गा' म्हटलं."

"कोण बोलावते? मी तं एकटाच होतो."

दुसऱ्या दिवशी तोच नकाशा पुन्हा काढला. वॉर्ड कोरा होता.

चौकोन... जिन्याजवळ होता.

यांना दाखवला. "टोनर बदल," म्हणाले. बदलला.

मग रोज काढत राहिले. चौकोन रोज वेगळ्या जागी. घरी आल्यावर विचारलं, की हे त्या दिवशी नेमके तिथेच उभे होते असं निघायचं.

आज सकाळचं प्रिंट स्वच्छ आलं आहे. चौकोन कुठेच नाही.

दुपार झाली. यांचा फोन लागत नाहीये. उठून धंतोलीला जायला हवं, कळतंय मला...

पण मी तोच नकाशा पुन्हा प्रिंटला टाकते आहे, चौकोन शोधत.