झिजलेला नवा शर्ट

दिवाळीच्या आधीच्या रविवारी वैजयंती जगदाळे नवऱ्याला घेऊन साताऱ्याच्या भाजीबाजारात गेल्या, तेव्हा मेथीच्या ढिगापाशी त्यांना स्वतःचाच शर्ट दिसला. तपकिरी चौकड्यांचा, फ्लॅनेलचा, कोपरांवर विरलेला. खिशाखाली हळदीचा पुसट डाग, वरून तिसरं बटण निळं आणि बाकीची पांढरी. एका तरुण बाईनं तो सुती साडीवर चढवून बाह्या दुमडल्या होत्या. तिच्या पलीकडे तसाच शर्ट घातलेली दुसरी. लिंबंवाल्यापाशी आणखी दोघी. वैजयंतीबाईंच्या अंगावरही तोच होता. फरक इतकाच, की त्यांचा खरोखर झिजलेला होता.

ऑक्टोबरचा उकाडा सरून सकाळी गारवा पडायला लागला, की बाई दरवर्षी हा शर्ट बाहेर काढायच्या. मुळात तो नवऱ्याचा, श्रीरंगरावांचा. त्यांचं पोट सुटलं आणि शर्ट बायकोकडे आला. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, तेव्हा बाकीच्या शिक्षिका हसायच्या. "जगदाळे बाई, साडीवर नवऱ्याचा शर्ट? खुरपायला निघालात का?" बाई म्हणायच्या, "ऊब लागते, खिसा आहे. अजून काय पाहिजे?" स्टाइल हा शब्द त्यांच्या आसपासही कधी फिरकला नव्हता.

मग त्यांची मुलगी सानिका पुण्यात 'मऊसूत' नावाच्या कंपनीत लागली. जुना, आवडता कपडा या कंपनीच्या यंत्रात पसरायचा. यंत्र धाग्याधाग्यातून प्रकाश सोडून कापड कुठे विरलंय, कुठे ताणलंय, कुठे गोळे आलेत, कुठे डाग पडलाय, अगदी कुठलं बटण वेगळं आहे हेही टिपून घ्यायचं. याला ते झीजनकाशा म्हणत. त्या नकाशाबरहुकूम माग कोरा कपडा असा विणायचा, की पहिल्याच दिवशी तो वर्षानुवर्षं वापरल्यासारखा अंगाला बिलगावा. लोक त्यावर तुटून पडले. कपडा स्वतः वापरून मऊ करायला सवड कुणाला होती? दुसऱ्याचं जगणं दुकानात तयार मिळत होतं.

"आई, शरद ऋतूच्या कपड्यांसाठी तुझा शर्ट दे ना," सानिका म्हणाली. "फक्त नकाशा घेणार. शर्ट तुला परत."

बाई नको म्हणाल्या असत्या, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण जिला जन्मभर गबाळी म्हणून हिणवलं, तिला एक कंपनी 'तुमची खास शैली' म्हणत होती. बाई लाजल्या, सुखावल्या. मोठ्या शहरातल्या पोरी घालतील, आपल्याला कुठे दिसणार आहे, असं म्हणून त्यांनी शर्ट दिला. मोबदला म्हणून कंपनीनं त्यांना त्यांच्याच शर्टाची एक नक्कल भेट पाठवली. केवढं ते औदार्य!

एका गोष्टीकडे मात्र मायलेकींनी दुर्लक्ष केलं. श्रीरंगरावांच्या मेंदूतून माणसांचे चेहरे पुसले जात होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नाकडोळ्यांवरून त्यांना आता कुणी ओळखू येणार नाही. ऐकूही नीट येत नाही, म्हणजे आवाजाचाही आधार नाही. ते खुणेवर चालतात, आणि तुमची खूण हा शर्ट आहे. तो बदलू नका." तेव्हापासून बाई तो शर्ट भर उन्हाळ्यातही घालत. घामानं निथळत, पण घालत. त्यामुळे घरात निदान एक हाक शाबूत होती. "वैजू, चहा कर गं."

बाजारात कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून बाई वळल्या, तर श्रीरंगराव जागेवर नव्हते. मेथीच्या ढिगापाशी गलका उठला होता. त्यांनी त्या तरुण बाईची बाही घट्ट धरली होती.

"वैजू, चल की आता. गुडघे भरून आले माझे."

"सोडा! कोण तुम्ही? हात सोडा म्हणते ना!"

कुणीतरी म्हणालं, "म्हातारचळ लागलाय." एकानं श्रीरंगरावांची कॉलर धरली. वैजयंतीबाई गर्दीत घुसल्या. "अहो, मी इकडे आहे! वैजू इकडे आहे!" श्रीरंगरावांनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. मग त्या बाईच्या शर्टाकडे. मग मजा बघायला थांबलेल्या आणखी एकीच्या शर्टाकडे. त्यांनी बाही सोडली. घरी जाताना ते हात पाठीमागे बांधून चालले, चुकून कुणाला लागू नये म्हणून.

उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंत ते सगळा प्रसंग विसरले, पण अपमान विसरले नाहीत. असं होतं, घटना पुसली जाते आणि तिची बोच राहते, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो शर्ट दिसला, की ते आता अंग चोरायचे. बाईंनी चहा आणला, तर म्हणाले, "ठेवा तिथं, ताई." बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्ट काढून ठेवला, जुन्या साड्या नेसून पाहिल्या, केस पूर्वीसारखे बांधून पाहिले. ते 'ताई'च म्हणत राहिले.

सानिका दिवाळीला आली. "तुमच्या लोकांना सांग, तो शर्ट विणायचा बंद करा," बाई म्हणाल्या.

"सांगितलं गं. सगळ्यात जास्त तोच खपतोय. म्हणतात, लोकांचा जीव जडलाय त्याच्यावर."

"लोकांचा!"

"आई, मी तुझ्यासाठी वेगळा आणते ना. जगात दुसरा नसेल असा. म्हणशील तेवढ्या वर्षांची झीज घालता येते त्यात."

"घालशील गं. पण ती झिजताना ह्यांनी बघितलेली नको का?"

सानिका रडायला लागली. बाईंना तिची कीव आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

पाडव्याच्या सकाळी सानिकानं वडिलांना उटणं लावून आंघोळ घातली, नवा सदरा चढवला. पाटाभोवती रांगोळी काढली. श्रीरंगराव खुशीत पाटावर बसले. पाडव्याला बायको ओवाळते, एवढं त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. वैजयंतीबाईंनी खूप विचार केला आणि शेवटी तोच शर्ट घातला. दुसरं होतंच काय त्यांच्याकडे? तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी ठेवून त्या समोर आल्या.

श्रीरंगराव चटकन पाटावरून उठले. त्यांनी हात जोडले.

"माफ करा ताई. आज माझी बायको ओवाळणार आहे. येईलच ती."

सानिका त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "बाबा, हीच आई आहे!"

"सगळ्याच तशा दिसतात," ते हळूच म्हणाले. "कुठं ते आठवत नाही, पण फार बोलणी खाल्लीत मी."

निरांजनाची वात हलत होती. बाईंनी तबक खाली ठेवलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. बायकोची वाट बघत श्रीरंगराव दाराकडे तोंड करून पुन्हा पाटावर बसले. मग त्यांना या परक्या बाईची काळजी वाटली असावी. मूळचा भला माणूस. त्यांनी मान वळवली आणि अगदी आपुलकीनं विचारलं,

"ताई, सणाचा दिवस आहे. तुमच्या घरी कुणी तुमची वाट बघत नसेल का?"