न आलेला गुरुवार

त्रेपन्न साली हिवतापाच्या पाहणीसाठी हरिहर खाडीकाठच्या कोपर गावात आला, आणि पहिल्याच घरात त्याला जोराचा ठसका लागला. ओट्यावर कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, आणि धुरापलीकडे हसू दाबणारी जया... मिठागरावरच्या धाकूची लेक. पाण्याचा तांब्या तिनेच पुढे केला.

त्यानंतर सहा गुरुवार तो त्या घरी आला. पाहणी घरटी एकदाच करायची होती — पण विचारतंय कोण!

सातव्या गुरुवारी तो ऐटीत म्हणाला, "सापडलं! ज्या घरी धुरी, त्याच घरी ताप जास्त. सोमवारी अहवाल देतो. धुरी बंद करायला हवी."

जयाचं हसू पळालं. "बंद केलाव त पोरांना मच्छर फोडून खातील! धुरी करतंय कोन? खाडीकडची घरा. मच्छर हाय म्हनून ताप, आनि मच्छर हाय म्हनून धुरी. तुमी उलटाच धरलाव!"

"पण... खाडीकडेच असून धुरी नाही, असं घर आहे का?"

"सहदेवकाकाचा. दम्यापाई धूर चालत नाय. चौघंही तापानं पडल्यान."

हरिहरने अहवाल फाडला. आवडणाऱ्या मुलीसमोर असं तोंडावर पडायचं म्हणजे... बिचारा कानापर्यंत लाल झाला.

"मग खरा कारन कलनार कसा?" जयाने हळूच विचारलं.

"ज्याचा संशय, ते काढून घ्यायचं, आणि काय होतं ते बघायचं."

"मग पुढल्या गुरवारी येऊ नका." तिने नजर चुलीकडे वळवली. "दर गुरवारी माजी भाकर करपते. तुमच्यामुले का... बगूया!"

आणि तो खरंच आला नाही. इतकंही शब्दाला जागू नये माणसाने! जया दिवसभर दारात येत होती, आत जात होती. तिला रडू येत होतं.

शुक्रवारी सकाळीच तो हजर. "काल भाकरी...?"

"करपल्या. चारही."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कारण नव्हे."

"येडं कुठलं!" जयाचे डोळे भरून आले. "तुमी आल्यानं नाय करपत... तुमची वाट बगून करपते."

हरिहरने पाहणीची वही मिटली.

"धाकूकाका कुठे आहेत?"

"मिठागरावं. कशाला?"

"जया... तुला मागायला." तुम्हीचं तू कधी झालं, त्यालाच कळलं नाही.

तिने कालची करपलेली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. "आदी खाऊन जावा."

त्याने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.