पुरात ओ द्यायची नाही

बसा हो, अशा दिव्याजवळ बसा. मिरवणुकीसाठी गावाचा इतिहास हवाय ना तुम्हाला? दर उन्हाळ्यात बघते मी तुमचा तमाशा. शाळामास्तर रोमन शिपाई होतो, खाटीक मठातला साधू होतो, आणि बँकेतला तो काडीपैलवान म्हणे राजाचा सरदार! आपल्या या ऑर्लिंगहॅम गावात कोण कोण आलं ते तुम्ही वाजतगाजत मिरवता. पलीकडच्या काठावर आपण कुणाला वाऱ्यावर सोडलं, ते मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.

आमचं घराणं नावाड्यांचं. सेव्हर्न नदीच्या या काठाला हे घर, पलीकडे खांबावर टांगलेली घंटा. ज्याला यायचंय त्याने ती वाजवायची, आम्ही इकडून ओ द्यायची आणि होडी सोडायची. एकदा ओ दिली की आणावंच लागतं, मग तो कुणी का असेना. फक्त पुरात ओ द्यायची नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, असं का म्हणून.

"ज्यांना आपण आणलं नाही ना पोरी, ते पुरात वाजवतात," बाबा म्हणाले.

प्लेगच्या साली गावाने होडी साखळीने बांधून ठेवली. खालच्या गावांतली माणसं पोराबाळांसकट पलीकडे घंटा बडवत राहिली, आणि मागून नदी चढली. त्याआधी मठ मोडला तेव्हा बेघर झालेले साधू. पुढे यादवीत राजा हरला तेव्हा त्याचे जखमी शिपाई. प्रत्येक वेळी गावाकडे चांगलं कारण होतं म्हणे.

सत्तेचाळीस सालचा मार्च. हिवाळाभर साचलेला बर्फ एकदम वितळला आणि नदी कुरणात शिरली. माझा नवरा पर्सी दुपारी होडीने पलीकडे गेला, मेंढ्या टेकाडावर हाकायला. होडी मीच वल्हवत परत आणली. पलीकडे उतरताना तो म्हणाला, "कढणातले पिठाचे गोळे माझ्यासाठी ठेव गं. तुझा म्हातारा बाप अंथरुणावरून सगळं भांडं फस्त करतो." लग्न ठरायच्या आधीपासून त्याची घंटा ठरलेली होती. दोन ठोके, जरा थांबायचं, मग एक. दुसरं कुणी तशी वाजवत नसे.

मी चुलीवर सलगमाचं कढण ढवळत होते. संध्याकाळ व्हायच्या आतच धुकं उतरलं. पाण्याचा आवाज अंगणापर्यंत आला होता, आणि वास... कुजलेलं गवत, ओली लोकर, आणि खाली कुठेतरी उघड्या पडलेल्या जुन्या मातीचा. मी दाराशी जाऊन पाहिलं तर पलीकडचं टेकाड दिसेना. धुक्यामुळे दिसत नव्हतं की बुडालंच होतं, कळायला मार्ग नव्हता.

आणि घंटा वाजली.

एकसारखी, न थांबता. बाबा आतून ओरडले, "ओ देऊ नकोस!"

"बाबा, पर्सी आहे तिकडे!"

"त्याची घंटा अशी आहे का? ऐक जरा!"

"हात गारठले असतील त्याचे! बुडतोय तो, बाबा!"

"पोरी... तो नाहीये."

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? एक नियम, आणि एक माझा नवरा. मी अंगणात धावले आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून ओ दिली. घंटा तत्क्षणी थांबली.

होडी कशी नेली ते माझं मला ठाऊक. धुक्यात खांब दिसला, त्याला धरून कमरेइतक्या पाण्यात पर्सी उभा होता. तोच कोट, कोपराला मी लावलेलं हिरवं ठिगळ. मी रडत होते, त्याला शिव्या घालत होते. तो माझ्याकडे पाठ करून होडीत बसला. होडी काठोकाठ पाण्यात गेली. एका माणसाने होडी एवढी खाली जात नाही हो! मी वल्हं मारत होते आणि मागून, पुढून, लहान पोरं थंडीने दात वाजवतात तसा आवाज येत होता. मी मान वळवली नाही.

घरी आणून मी त्याला चुलीपुढे बसवलं, कढणाचा वाडगा हातात दिला. त्याने तो नुसता धरून ठेवला. उंबऱ्यापासून आतपर्यंत फरशी ओली झाली होती, एका माणसाच्या पावलांनी होते त्याहून कितीतरी जास्त. बाबांनी पांघरूण तोंडापर्यंत ओढून घेतलं आणि कुजबुजले, "किती जणांना आणलंस गं?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडे घंटा वाजली.

दोन ठोके. जरा थांबून... एक.

माझ्या हातातून पळी पडली. पुन्हा दोन... आणि एक. मी दाराकडे वळले, तेव्हा चुलीपुढचा माणूस पहिल्यांदा बोलला. मान न वळवता, अगदी मायेने.

"जाऊ नकोस. पुरात ओ द्यायची नाही."

मी धावत सुटले. काठाला होडी नव्हती. दोर खुंटीला बांधलेला, टोक पाण्यात मोकळं. मी ओ दिली. घसा फाटून रक्त येईस्तोवर ओ देत राहिले, "आले रे पर्सी, थांब, आले!" तो वाजवत होता. माझी ओ ऐकूनच वाजवत असणार, कारण एकदा ओ दिली की आणावंच लागतं, हे त्यालाही माहीत होतं. मी छातीभर पाण्यात शिरले. माझा ओरडा ऐकून धावत आलेल्या शेजाऱ्यांनी मला केसांना धरून बाहेर ओढलं. ते म्हणत होते, "अगं वेडी झालीस का? तुझा पर्सी घरात बसलाय की!"

मग दोन ठोके वाजले. मी तिसऱ्याची वाट पाहत राहिले. अजून पाहते आहे.

हो, आतल्या खोलीत खोकला ऐकू येतोय तो त्याचाच. चांगला वागतो हो, कधी आवाज चढवला नाही. गावात सगळे पर्सीच म्हणतात त्याला. रात्री कधी त्या खोलीतून लहान मुलांचं कुजबुजणं येतं. आम्हाला मूल झालं नाही.

निघता? बरं. पण जाताना दारामागच्या खुंटीवरच्या कोटाला हात लावून बघा. तो... ठिगळाचा. दर हिवाळ्यात चुलीपुढे वाळत घालते मी. बघा, खाली फरशीवर अजून थेंब पडताहेत.

आणि आज संध्याकाळपासून नदी चढते आहे. ऐका... काही ऐकू आलं तर आधी मला सांगा. तो आतून बोलायच्या आत सांगा.