हिरव्या दिव्याचे बावीस सेकंद

सिग्नलच्या खांबाला टेकून स्टॉपवॉच दाबणारा देखणा माणूस दिसला, तर इतर मुलींना काय वाटेल ठाऊक नाही. मला राग आला. कोपरीतल्या आमच्या शाळेसमोरचा तो सिग्नल गेले आठ दिवस माझ्या आठवी ‘ब’चा होता, आणि हा उंच, चष्मिष्ट, बाह्या दुमडलेला प्राणी नेमका आमच्याच खांबापाशी उभा होता.

मी सरळ जाऊन विचारलं, इथे काय चाललंय. त्याने माझ्या हातातलं स्टॉपवॉच पाहिलं, मग स्वतःचं.

“तेच विचारायला मी आलेलो,” तो म्हणाला. “ह्या सिग्नलबद्दल आमच्या ऑफिसला आठवी ‘ब’चा अर्ज आलाय. खाली एकेचाळीस सह्या... त्यातल्या दोन स्केचपेनने.”

म्हणजे हा सिग्नलच्या वेळा ठरवणारा इंजिनिअर होता. नाव राकेश. माझा राग उतरला, पण उतरलेला दाखवायचा कशाला?

भानगड अशी होती. मी गणित शिकवते, आणि वेग, वेळ, अंतर फळ्यावर शिकवायचा मला मनापासून कंटाळा आहे. गाडी ‘अ’ गावाहून ‘ब’ गावाला निघते आणि पोरं जांभया देतात. म्हणून मी वर्गालाच विचारलं, तुमच्या रस्त्यावर मोजण्यासारखं काय आहे? उत्तर आलं, गंगुबाई. त्या शाळेच्या फाटकाशी बोरं-चिंचा विकतात, राहतात पलीकडच्या चाळीत, आणि रस्ता ओलांडायचा हिरवा दिवा आपल्याला पुरत नाही ही त्यांची रोजची तक्रार. झालं, पोरांनी घरचे फोन आणले. रस्ता ओलांडणाऱ्यांचे व्हिडिओ काढले, चेहरे नाहीत, फक्त पाय. प्रत्येकाचा वेळ मोजून तक्त्यात भरला, आलेख काढला आणि अर्ज धाडला.

वर्गात फोन पाहून आमच्या मुख्याध्यापिका हेमा मॅडम धास्तावल्या. पुढच्या शनिवारी पालकांसमोर हा तास घेऊन दाखव, म्हणाल्या. त्यातून काही निघालं तर फोन राहतील, नाहीतर ते बंद आणि तू मुकाट्याने पुस्तकावर ये.

राकेशने आमचा तक्ता तिथेच उभ्या उभ्या वाचला. वाचताना चष्मा नाकावर घसरतो आणि तो त्याला घसरू देतो, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. आवडलंही.

“दोनशे बारा माणसं, सरासरी तेरा सेकंद,” तो म्हणाला. “दिवा पंधरा सेकंदांचा आहे. मॅडम, तुमच्याच आकड्यांनी तुमचा अर्ज पाडलाय.”

“आकडे अजून संपलेले नाहीत,” मी म्हटलं. “उद्या या.”

तो आला. परवाही आला. माजिवड्याचं त्याचं ऑफिस आणि कोपरी यांचा वाटेवरचा काही संबंध नाही, तरी रोज चारला तो खांबापाशी हजर. आम्ही मोजायचो, भांडायचो, टपरीवर चहा प्यायचो. माझ्या कपातली साय तो न विचारता चमच्याने काढून टाकायचा, कारण मला ती आवडत नाही हे त्याने एकदाच पाहिलं होतं. आकडे मात्र तेराच्या पुढे सरकेनात.

गुरुवारी चहा पिताना तो कपाकडे बघत म्हणाला, “मी... सात सेकंद वाढवू शकतो. माझ्या हातात आहे. शनिवारचा तुमचा तास निभावेल.”

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. फोन वाचले असते, आणि हा माणूस माझ्यासाठी काहीतरी करू बघत होता, ते वेगळंच.

“नको,” मी म्हटलं. “पोरं एवढंच शिकतील की ओळख असली की काम होतं. त्यापेक्षा शनिवारी या आणि त्यांना धारेवर धरा.”

“हरलात तर?”

“तर सगळे फोन मीच गोळा करेन.”

त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही.

शुक्रवारी सकाळी प्राची माझ्या टेबलापाशी आली. ही मुलगी वर्गात क्वचितच बोलते. तिने सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले होते.

“टीचर, ह्यात गंगुबाईंचे पाय कुठेच नाहीयेत,” ती म्हणाली. “आणि हे तपकिरी बूट रोज आहेत, पण ते रस्ता ओलांडतच नाहीत.”

बुटांचं राहू दे, म्हणत मी तिला घेऊन फाटकाशी गेले. गंगुबाई बोरं निवडत होत्या. वर्षभरात आपण सिग्नलवर गेलोच नाही, म्हणाल्या. पुढे दुभाजक तुटलाय तिथून जायचं, मध्ये टेकायचं, मग उरलेला रस्ता. “त्यो दिव्यातला हिरवा मानूस धावतोय बाय. माज्यानं नाय व्हत.”

मी कपाळावर हात मारला. सिग्नलवर उभं राहून आम्ही फक्त तेवढ्या वेळात ओलांडणं जमणाऱ्यांनाच मोजलं होतं. चूक पोरांची नव्हती, गणिताच्या बाईची होती.

त्या संध्याकाळी आठवी ‘ब’ फुटपाथवर, तुटक्या दुभाजकासमोर उभी राहिली. तासाभरात छत्तीस जण गेले: काठीवाले, गुडघेदुखीवाले, कडेवर मूल घेतलेल्या बाया. त्यातले अकरा जण शाळेच्या पटांगणात रस्त्याइतकंच अंतर, अठरा मीटर, चालून दाखवायला तयार झाले. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला लागले एकवीस सेकंद.

शनिवारी पालकांसमोर प्राची बोलली, आधी आमची चूक आणि मग आकडे. राकेशने खरोखरच धारेवर धरलं. शेवटी विचारलं, दिवा वाढवला तर गाड्या किती तुंबतील? हे मी पोरांकडून करून घेतलंच नव्हतं. पण मागून बंटी उठला. त्याने आपणहूनच गाड्यांच्या रांगा मोजून ठेवल्या होत्या. राकेशने त्याचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, अर्ज मान्य. हेमा मॅडमनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं की नववीलाही असं काही करता येईल का.

बुधवारी दिवा बावीस सेकंदांचा झाला. गंगुबाई टोपली कमरेवर घेऊन सिग्नलवरून चालत आल्या, एक सेकंद राखून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. राकेश माझ्या शेजारी उभा होता.

“आता तुम्हाला इकडे यायला कारण उरलं नाही,” मी म्हटलं.

समोर पुन्हा हिरवा लागला.

“बोलायचं असेल तर बावीस सेकंद आहेत.”

त्याने चष्मा वर केला. “ज्याला भीती वाटते ना... तो सिग्नलवर येतच नाही, लांबून जातो,” तो म्हणाला. “मी इतके दिवस लांबूनच जातोय, रसिका. मला तू आवडतेस. तुझ्या तक्त्यात मी कुठे सापडणार नाही.”

“सापडलास,” मी म्हटलं. “तपकिरी बूट. रोज खांबापाशी, ओलांडत नाहीत. मलाही आवडतोस, पहिल्या दिवसापासून.”

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला आणि दिवा लाल झाला. पुढच्या हिरव्याला मी त्याचा हात धरला. आम्ही अजिबात घाई न करता निघालो. पलीकडे प्राचीचा फोन आमच्या पायांवर रोखलेला होता.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात शेवटची नोंद होती: तपकिरी बूट, ओलांडले. एकोणीस सेकंद.