हारुओचा आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी शपथ घेणार नाही. पण मी त्या खोलीत होते, आणि मी शुद्धीत होते.

जपानमधलं ओनोमिची गाव. १९८५, ऑक्टोबरमधला दुसरा रविवार. भर दुपारचे तीन वाजले होते.

त्या काळी घरोघरी स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र काढायचं वेड होतं. आम्ही तिघांनीही काढलं... मी सेत्सुको, इसामू आणि हारुओ. इसामूच्या वडिलांच्या घड्याळांच्या दुकानावर एक खोली होती. तिथे डब्याएवढा ट्रान्समीटर आणि छपरावर एरियल. आमच्या चढणीवरची चाळीसेक घरं ऐकायची. त्यापुढे नुसती खरखर.

दर रविवारी दोन ते तीन. गाणी, गप्पा, कुणाची मांजर हरवली त्याची बातमी. निव्वळ हौस.

आदल्या वर्षी वादळात एरियल वाकलं. ते सरळ करायला हारुओ छपरावर चढत होता आणि शिडीवरून पडला.

शिडी धरायला मी येणार होते. मला वीस मिनिटं उशीर झाला.

"मी आलो तेव्हा तो खाली पडलेला होता," इसामूने सगळ्यांना सांगितलं.

चढणीवरच्या बायका मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "ही वेळेवर आली असती तर..." हारुओची आई, फुमिए काकू, मी दिसले की तोंड फिरवायची. एकटा इसामू माझ्या बाजूने राहिला. "तुझा दोष नाही गं," म्हणायचा. त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

तर तो रविवार. हारुओला जाऊन वर्ष झालं होतं. इसामू उशिरा येणार होता. मी एकटीनेच कार्यक्रम केला, तीनला ट्रान्समीटर बंद केला.

आमचं बोलणं बाहेर नीट जातंय का ते ऐकायला कोपऱ्यात एक रेडिओ असायचा. ट्रान्समीटर बंद झाला की तो खरखरायला लागतो.

त्या दिवशी खरखरला नाही.

एकदम शांत...

मग वारा. मग लाकूड कुरकुरलं.

"इसामू, धरलीस ना शिडी?"

हारुओ!

"धरलीय रे बाबा. चढ तू."

हा इसामू.

मी ट्रान्समीटरची वायर उपटली. रेडिओ चालूच.

लांब कुठेतरी फोन वाजला. "आलोच, एक मिनिट!" असं इसामू ओरडला. दूर जाणारी पावलं...

"इसामू?"

...

"अरे, कुठे गेलास? शिडी हलतेय..."

पडल्याचा आवाज आला नाही. तेवढाच आला नाही.

मागे काहीतरी खाली पडलं. दारात इसामू उभा होता. त्याच्या हातातली भाजलेल्या चेस्टनटची पुडी जिन्यावर सांडली होती. चेहरा पांढराफटक.

"ही... टेप लावलीयस ना तू?"

मी रेडिओ उलटा करून त्याच्यासमोर सेल काढले. तेव्हा कुठे रेडिओ थांबला.

"तू तिथे होतास," मी म्हटलं.

"बाबांचा फोन होता. एका मिनिटाचं काम होतं, सेत्सु."

"आणि वर्षभर मला लोकांचं ऐकू दिलंस?"

"तू उशिरा आलीच होतीस ना? लोक बोलतच होते. मी काय केलं? फक्त गप्प बसलो."

मी त्याला ढकलून धावत सुटले. थेट फुमिए काकूंच्या टोफूच्या दुकानात. मला वाटलं, आता तरी ही बाई माझ्याकडे बघेल.

फळीवर त्यांचा रेडिओ चालू होता. त्यातून वाऱ्याचा आवाज येत होता.

"काकू! ऐकलंत तुम्ही? इसामू तिथे होता!"

त्यांनी पाण्यातल्या टोफूवर सुरी फिरवली.

"दर रविवारी येतं, पण आजवर फक्त याच रेडिओवर. तुमचं संपलं की."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"इसामू रोज पहाटे येतो गं. सोयाबीनची पोती उचलतो, जातं फिरवतो. त्याला हाकललं तर मला आहे कोण?"

"आणि मी?"

त्यांनी पुढचा टोफू कापायला घेतला. म्हणाल्या, "कुणावर तरी राग काढल्याशिवाय दिवस जात नव्हता."

तेवढ्यात फळीवरचा वारा थांबला.

"सेत्सु... तू आलीस?"

काकूंच्या हातातली सुरी पाण्यात पडली.

"हे..." त्या पुटपुटल्या, "हे याआधी कधी आलं नव्हतं."

"सेत्सु?"

तो मदत मागत होता, की उशिराचा जाब विचारत होता? चाळीस वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही. काकू माझा हात धरून रडत म्हणत होत्या, "बोल ना गं त्याच्याशी, तुला हाक मारतोय..."

मी हात सोडवून घेतला. एक शब्दही न बोलता बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं.

माझ्या मागे तो अजून विचारत होता.