एका दमात पूर्ण वाक्य

पहिल्याच दिवशी बसचालक डेपोच्या खाकी गणवेशातच चुकीच्या यंत्रावर चढला. त्याचा चार नंबर होता, तो पाचच्या ट्रेडमिलवर उभा राहिला.

"हा माझा आहे," मागून आवाज आला. "बस चालवता ना तुम्ही? मग नंबर वाचता येत असतील."

तो उतरून चारवर गेला. बोलणाऱ्या बाई शिंपीण होत्या. त्यांचं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. दुकानातून घाईत निघाल्यामुळे मोजपट्टी गळ्यातच राहिली होती... आणि हसल्या की डोळे आधी हसायचे. सत्तावन्न वर्षांच्या, नऊ वर्षं एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या आपल्या बसचालकाची तिथेच विकेट गेली.

हृदयरोग्यांच्या त्या व्यायामशाळेत चालताना शेजाऱ्याशी बोलायचा नियम होता. एका दमात वाक्य पूर्ण झालं तर वेग ठीक. मध्येच तुटलं तर हृदयावर ताण येतोय असं समजून फिजिओथेरपिस्ट मुलगी वेग उतरवायची. बारा आठवड्यांनी ठरलेल्या वेगाने दहा मिनिटं बोलत चाललं, तरच हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्याला पुन्हा बस चालवायचा दाखला मिळणार होता. नाहीतर डेपोत चौकशीच्या खिडकीमागे बसायचं. एकतीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला ती खिडकी डोळ्यांसमोर नको होती.

"एका वकिलाने कोट आणलाय," शिंपीणबाई चालता चालता सांगायच्या. "म्हणतो, कोट आटला. मी म्हटलं, हो हो, कोटच आटला असणार. आता तुम्ही बोला काहीतरी."

"मी... म्हणजे, आज डेपोत..."

"काका, दम लागतोय तुम्हाला," म्हणत मुलगी बटण दाबायची.

दम कसला लागतोय. बाईंनी कपाळावरची बट मागे सारली होती, एवढंच.

खरं तर व्यायाम त्याला चांगलाच मानवला होता. पूर्वी पहिल्या मजल्यावर कठडा धरणारा हा माणूस आता तिसऱ्यापर्यंत न थांबता चढत होता. नाडी शांत होती, झोप लागत होती, आरशातला चेहराही जरा कमी म्हातारा दिसत होता. फक्त तक्त्यावर वेग वाढायचं नाव घेत नव्हता.

दहाव्या आठवड्यात मुलीने त्याला सकाळच्या गटात घातलं. तिथे शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्याशी तो पाण्याच्या टंचाईपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलला, पूर्ण वेगात, एकही शब्द न अडखळता. मुलगी तक्त्याकडे बघतच राहिली.

"काका, शेवटची चाचणी सकाळीच देऊन टाका," ती म्हणाली. "दुपारी तुमचं काय बिनसतं कोण जाणे."

दाखला हातातोंडाशी आला होता. तरी चाचणीच्या दिवशी तो दुपारीच आला.

"सकाळी छान जमत होतं म्हणे तुमचं," शिंपीणबाई समोर बघत म्हणाल्या. आवाज जरा कोरडाच होता. "मग इथे कशाला आलात?"

दहावं मिनिट चालू होतं, पट्टा पूर्ण वेगात फिरत होता. मुलीचं बोट बटणाजवळ होतं. आणखी एकदा अडखळला असता, तर स्टिअरिंग कायमचं सुटलं असतं. त्याने मान वळवली आणि थेट त्यांच्याकडे बघितलं.

"सकाळी माझं वाक्य तुटत नाही कारण शेजारी तुम्ही नसता, आणि तुमच्याशेजारी तुटतं ते मला तुम्ही फार आवडता म्हणून, तेव्हा इथलं चालणं संपलं तरी मला रोज तुमच्याबरोबर चालायचंय."

मुलीने बोट मागे घेतलं आणि तक्त्यावर बरोबरची खूण केली. मुख्याध्यापकांसमोरही तो एवढं लांब वाक्य बोलला नव्हता.

"अहो, पण मी... म्हणजे आपण या वयात..." शिंपीणबाईंचे शब्द विरून गेले.

मुलीचा हात सवयीने पाच नंबरच्या बटणाकडे गेला.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. त्या कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "दम नाही लागला मला." मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "साडेपाचला दुकान बंद करते मी. ताटकळत ठेवलेलं मला चालणार नाही."